हवेतून आलेलं वजन

आप्पांच्या खोलीत खुर्ची नव्हती. निपाणीतल्या एका मोठ्या तंबाखूच्या वखारीत खर्चाचं टेबल सांभाळणारा हा माणूस, मालकाच्या खालोखाल त्याचा मान, आणि येणाऱ्याला बसायला काय, तर तंबाखूचा बोद. गोणपाटात करकचून बांधलेल्या त्या गठ्ठ्यावर बसायचं, दोन शिंका द्यायच्या आणि आपलं काम सांगायचं. "खुर्चीवर बसला की माणूस उठत न्हाय. बोदावर बसला की धा मिनटांत काम सांगून पळतो," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी घड्याळ लावून काढलेलं होतं. स्वतः ते दिवसभर उभे असत. जेवतही उभ्यानेच.

आकडे ते कानडीत मोजत, इंग्रजीत लिहीत आणि एखादा चुकला की मराठीत शिव्या देत. "वंदु, यरडु, मूरु" अशी पुटपुट चालली असेल तर मध्ये बोलायचं नाही, हे वखारीतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. बाजारात त्यांना 'कॉस्टिंग आप्पा' म्हणत. या शब्दाचा अर्थ बाजारात कुणालाच ठाऊक नव्हता, पण काहीतरी विलायती वेड आहे एवढं सगळ्यांना कळत होतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मी सदलग्याचा. मॅट्रिक झालो होतो, इंग्रजी बरं होतं, म्हणून वखारीची इंग्रजी पत्रं लिहायला मला घेतलं होतं. आज मी जो कोण आहे तो त्या बोदावर बसून झालो. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांची थोडी थट्टा होणार आहे, आणि थट्टेत उपकार हरवतात.

त्यांचं घड्याळ म्हणजे एक प्रकरणच होतं. लग्न होऊन आठवडा झाला तेव्हा त्यांनी चुलीपुढे उभं राहून आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भाकरीची वेळ लावली होती. पिठाचा डबा कोपऱ्यात असल्यामुळे दर भाकरीमागं चार पावलं फुकट जातात, असा निकाल देऊन त्यांनी डबा चुलीशेजारी आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी पिठाला धूर लागला. तिसऱ्या दिवशी आक्कांनी परात त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाल्या, "घ्या. पावलं वाचवून थापा." हा किस्सा आक्का मला आप्पांच्या देखतच सांगत. वर म्हणत, "गेल्या जल्मी हे घड्याळच आसनार बग. ह्या जल्मी नुसता काटा पडलाय." आप्पा खाली मान घालून हसत.

पण तेच घड्याळ वखारीत कामाला येई. एकदा मालकांनी तक्रार केली, की पानं निवडणाऱ्या बायका उन्हाळ्यात आळशी होतात, माल कमी निघतो. आकडा खरा होता. आप्पांनी तो आकडा बघितला, टोपी काढून ठेवली आणि दोन दिवस त्या बायकांच्या ओळीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा रांजण आडाजवळून उचलून निवडणीच्या छपराखाली आणवला. बस, एवढंच. त्या महिन्यात माल वाढला. मालकांनी विचारलं, हे कसं काय? आप्पा म्हणाले, "मालक, आकड्याला पाय आस्त्यात. कुठनं चालत आला ते बगावं. तो आडापातूर चालत जात हुता."

मला हे असलं काही शिकायचं होतं. कारखान्यात एक वस्तू तयार व्हायला नेमका किती खर्च येतो, कुठे वाया जातं, कुठे वाचतं, हे काढायचं शास्त्र विलायतेत आहे आणि त्याची तिथली एक संस्था परीक्षा घेते, हे मला आप्पांकडूनच कळलं. पहिली परीक्षा ते स्वतः पास झाले होते. दुसरी नेमकी सुगीत येई, आणि सुगीत वखार सोडून मुंबईला जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

एका सकाळी मी तीन कागद घेऊन त्यांच्या बोदावर बसलो. एक मुंबईच्या क्लासचं माहितीपत्रक. दुसरं माझ्या मामांचं पत्र: मुंबईतल्या हिशेबतपासनिसांच्या कचेरीत तीन वर्षं उमेदवारी करायची सोय त्यांनी लावून ठेवली होती. तिसरं बेळगावच्या कँपातल्या पुस्तकाच्या दुकानातून आणलेलं चोपडं, टपालाने धडे पाठवणाऱ्या एका विलायती शाळेचं. परीक्षेला जायचे माझ्यापुढे हे तीन रस्ते होते. कुठला धरू?

आप्पांनी पहिला कागद बोटाने उडवला. "क्लासात काय शिकवत्यात?"

"कारखान्याचा खर्च काढायला."

"कारखाना कुठला?"

"फळ्यावरचा," मी म्हणालो.

"मग फळ्याचा खर्च शिकून येशील. ह्ये दुसरं काय?"

मी मामांचं पत्र वाचून दाखवलं.

"वाईट न्हाय," ते म्हणाले. "पण तितं झाल्यालं तपासाय शिकवत्यात. होतंय कसं ते न्हाय शिकवत. मयताची नाडी बगून काय करायचं? अन् ह्यो तिसरा, टपालाचा मास्तर, ह्याला तुजी वखार दिसायची न्हाय. पण तुला दिसत्या. बास झालं. टपालानं शिक, हितंच ऱ्हा."

मामा संतापले. "पोस्टानं कुणी शिकतं का? पोस्टानं मनिऑर्डर येते," असं त्यांनी लिहिलं. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, बोलले कमी, पण त्यांचं बोलणं जास्त जड होतं. सदलग्याला आमचं किराणा दुकान होतं आणि थोरला भाऊ एकटा पडला होता. अण्णा म्हणाले, "एक वरीस देतो. फुडच्या दिवाळीला परीक्षेला बसायचा कागद तुज्या हातात दिसला पायजे. न्हाय दिसला तर दुकानात बसायचं. मग हूं न्हाय का चूं न्हाय." अण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. माझ्याकडे एकच वर्ष होतं, आणि त्या वर्षावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

ही अट मी आप्पांना सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी अण्णांनाही बोदावर बसवून वेळ लावली असती, असं मी तेव्हा मनाशी विनोदाने म्हणत असे. खरं कारण लाजेचं होतं. विलायतेची परीक्षा देणारा मी, आणि माझी दोरी गूळ-शेंगदाण्याच्या दुकानाला बांधलेली, हे त्यांना कळू नये असं वाटे. हा खोटेपणा पुढे मला महागात पडला.

विलायतेहून धड्यांचं पहिलं पुडकं आलं. आप्पांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मला सकाळी दोन तास बायकांच्या ओळीत पानं निवडायला बसवलं. दोन महिने! ओळीच्या मुकादमीण गंगाक्का. तोंडाने फटकळ, हाताने रेशमासारख्या. माझ्या हातातलं पान बघून ओरडायच्या, "ए कागदवाल्या, पत्र फाडल्यावानी फाडू नगोस त्याला! शीर धर, शीर." माझी बोटं काळी झाली, नखांतला वास जाईना, घरी गेलो की आई ताट लांबून सरकवी. दोन महिन्यांनी आप्पांनी कुलूप काढलं. पहिला धडा उघडला तर त्यात काय, मजुरीच्या वेळेचा हिशेब! मी तो एका बैठकीत लिहून काढला. ओळीतली बाई एका पानाला किती वेळ घेते, कुठे थांबते, का थांबते, हे मला पुस्तकाला विचारावं लागलं नाही. तेव्हा मला कळलं, की आप्पांनी माझे दोन महिने खाल्ले नव्हते, चार वाचवले होते.

अकरा धड्यांच्या उत्तरपत्रिका चांगल्या शेऱ्याने परत आल्या. बाराव्याने घात केला. सगळ्या धड्यांत पास झाल्याचं शाळेचं पत्र जोडल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नसत, म्हणून ही शेवटची उत्तरपत्रिका महत्त्वाची.

त्यातला एक प्रश्न असा होता: तुमच्या माहितीतल्या एखाद्या कारखान्यात कच्चा माल कोठीत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याच्या वजनात किती फरक पडतो, का पडतो, आणि तो हिशेबात कसा धराल? मी निपाणीचा माणूस. सरळ लिहिलं: आमच्याकडे माल उन्हाळ्यात कोठीत येतो आणि पावसाळ्यात बाहेर पडला तर वजन घटत नाही, वाढतं. हे वाढलेलं वजन तंबाखूचं नसून पाण्याचं आहे, म्हणून त्याचा नफा धरू नये.

यात माझी हुशारी काहीच नव्हती. आप्पांच्या खिडकीत तंबाखूचं एक पान दोऱ्याला टांगलेलं असे. रोज सकाळी ते पान बोटांत धरून बघत. कुरकुरलं तर हवा कोरडी, वाकलं तर ओलसर. वजनाच्या वहीत नुसतं वजन लिहायची बंदी होती, शेजारी 'पान वाजतं' किंवा 'पान मऊ' असं लिहावंच लागे. आषाढात वखारीतला तंबाखू पाणी पितो, हे निपाणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

उत्तरपत्रिका वैशाखात परत आली. माझ्या उत्तरावर तांबड्या शाईची आडवी रेघ, आणि खाली इंग्रजीत शेरा: 'अशक्य. वजन हवेतून येत नाही. पुन्हा लिहा.' नापास.

आप्पांनी तो शेरा तीनदा वाचला. मला वाटलं आता मराठी सुरू होणार. पण ते एकदम खुशीत आले. "आरं लेका, ह्या मास्तरानं तंबाखू फक्त चिलमीत बगितलाय! वजन हवेतनं येत न्हाय म्हनं! मग काय मालकाच्या खिशातनं येतंय?" आणि त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्या दिवशी पान चांगलं वाजत होतं. त्यांनी वखारीतला तंबाखू घेतला, बरोबर एक पौंड तोलला, हवा जाईल अशा पातळ कापडात शिवला, गंगाक्कांसमोर पुन्हा तोलला आणि पार्सल करून विलायतेला त्या मास्तरांच्या नावाने धाडून दिला. सोबत पत्र: 'इथे हे एक पौंड भरलं आहे. आपल्याकडे किती भरतं ते कृपया कळवावं. माझा विद्यार्थी बरोबर आहे आणि तो आपलं उत्तर बदलणार नाही.'

ते शेवटचं वाक्य माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

पार्सल मंद बोटीने जायचं, कधी पोचेल सांगता येत नव्हतं. अर्जाची मुदत श्रावणाच्या अखेरीस संपत होती. मी भीत भीत म्हणालो, "आप्पा, उत्तर वेळेत आलं न्हाय तर?"

"तर फुडच्या साली बस. एका सालानं काय आभाळ कोसळतंय? पर खरं हाय ते खोडून खोटं लिवू नगोस."

त्यांच्या दृष्टीने एक साल जाणार होतं. माझं सगळंच जाणार होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. त्याच आठवड्यात मी खोलीवर बसून ते उत्तर नव्याने लिहिलं: माल वाळतो, भुकटी उडते, काडी निघते, वजन घटते. छापील पुस्तकातलं गुळगुळीत उत्तर. वर एक चिठ्ठी जोडली, की माझं आधीचं उत्तर चुकीचं होतं, क्षमा असावी. पाकीट टाकायला निपाणीच्या पोस्टात गेलो नाही, तिथला पोस्टमन आप्पांच्या ओळखीचा. चिकोडीला जाऊन टाकलं, आणि उत्तरासाठी पत्ता सदलग्याच्या घरचा दिला.

आषाढ संपता संपता पास झाल्याचं पत्र सदलग्याच्या घरी आलं. मी गुपचूप अर्ज भरून पाठवला. इकडे आप्पा रोज पोस्टमनला वखारीच्या दारात अडवत. "विलायत आली काय रं?" तो मान हलवी. मग आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "धीर धर." त्या हाताचं मला ओझं होई. श्रावण संपला, मुदत टळली. त्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं, आक्कांना खीर करायला लावली, आणि माझी समजूत घातली. मी खाली मान घालून खीर खाल्ली. तशी कडू खीर मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

भाद्रपदात पत्र आलं.

आप्पांनी ते फोडलं नाही. दुपारच्या सुट्टीत त्यांनी निवडणीच्या बायका, हमाल, कारकून, सगळ्यांना छपराखाली गोळा केलं. मला एका बोदावर उभं केलं आणि बंद पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच. आदी इंग्रजीत, मग मराठीत. सगळ्यास्नी कळू दे, निपाणीचं पोरगं काय चीज हाय."

मी वाचू लागलो. मास्तरांनी लिहिलं होतं: आपण पाठवलेल्या वस्तूवर इथे जबर जकात लागते, याची आपल्याला कल्पना नसावी. मला ती भरावी लागली. मात्र जकातीसाठी सरकारी अधिकाऱ्याने ते पार्सल स्वतः तोललं, आणि ते एक पौंड आणि वर दीड औंस भरलं. पावती सोबत जोडली आहे.

मी हे मराठीत सांगितलं, आणि छपराखाली जो हलकल्लोळ झाला! आप्पा पावती हातात धरून नाचायचेच बाकी राहिले. "सरकारी वजन! आगं गंगाक्का, सरकारी तागडीत वाढलं बग!" गंगाक्का म्हणाल्या, "आन् त्या बिचाऱ्याला दीड औंसाची जकात जादा पडली की वो!" सगळे हसले. मी पुढे वाचलं: तो तंबाखू मी पाइपात ओढून पाहिला. पुन्हा पाठवू नये. पुन्हा हशा. आपल्या विद्यार्थ्याचं पहिलं उत्तर बरोबर होतं, ते मी पुढच्या विद्यार्थ्यांना शिकवणार आहे.

मग शेवटची दोन वाक्यं आली, आणि मी वाचता वाचता थांबलो. मास्तरांनी लिहिलं होतं: 'मला एकच कळत नाही. आपण म्हणता तो उत्तर बदलणार नाही, पण त्याने तर जूनमध्येच आपलं उत्तर मागे घेऊन माझी क्षमा मागितली आणि त्या जोरावर तो पासही झाला आहे.'

साठ-सत्तर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आप्पा म्हणाले, "काय रं? अक्षर लागंना व्हय? आण हिकडं."

त्यांनी पत्र घेतलं. ओठ हलवत ती दोन वाक्यं वाचली. मग पुन्हा वाचली.

"मास्तर लिवतोय," आप्पांचा मोठा आवाज आला, "की असा खरं बोलनारा इद्यार्थी मला धा वर्सांत मिळाला न्हाय. त्याला माजा नमस्कार सांगा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गंगाक्कांनी माझ्यावरून बोटं मोडली. लोक कामाला गेले. आप्पांनी पत्राची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. ते पत्र मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

खोलीत गेल्यावर त्यांनी एकच शब्द विचारला, "का?"

मी अण्णांची अट सांगितली. एक वर्ष, दिवाळी, दुकान, सगळं. सांगताना रडलो. आप्पा बोदावर बसले. ते बसलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. मग म्हणाले, "आदी सांगायचं न्हायस व्हय? मी सदलग्याला आलो आसतो. तुज्या अण्णांच्या पाया पडलो आसतो." उठताना म्हणाले, "आता अर्ज गेलाय न्हवं? मग अब्यासाला लाग."

दिवाळीला परीक्षेला बसायचा कागद मी अण्णांच्या हातात ठेवला. त्या हिवाळ्यात मुंबईला जाऊन परीक्षेला बसलो आणि पास झालो. पुढे तीन शहरांत तीन कारखान्यांचं खर्चाचं टेबल सांभाळलं. कुठल्या रस्त्याने आलात, असं तरुण मुलं विचारतात. टपालाने, असं मी सांगतो, आणि ते खरं आहे. पण खरा रस्ता मला त्या दुपारी छपराखाली मिळाला. मालक लोक आकडा जरा इकडे-तिकडे करून मागतात, कुणी गोडीने मागतं, कुणी नोकरीची भीती घालून. मी कधी दिला नाही. यात माझा मोठेपणा नाही. वजनाच्या वहीत कधी खोटी रेघ न ओढलेला एक माणूस माझ्यासाठी सत्तर माणसांपुढे खोटं बोलला होता, आणि ते किती जड गेलं हे मी त्याच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं.